लेथला डोकं बसवताना

माणसाने आधी ठरवावं आणि मग हात घालावा, एवढी साधी गोष्ट आमच्या जावयाला कुणी शिकवली नाही. त्याच्या आईने नाही, शाळेने नाही आणि ज्या कचेरीत तो संगणकांची देखभाल करतो तिनेही नाही. मी आयुष्यभर बस डेपोच्या तिकीटखिडकीमागे बसले. खिडकीशी येऊन 'आता कुठे जावं बरं' असा विचार करणारे मी पोत्याने पाहिलेत. त्यांना मी सांगायचे, बाजूला व्हा, ठरवा, मग या. जावयाला असं सांगता येत नाही. तो जावई असतो, आणि आपली मुलगी त्याच्या बाजूला बसलेली असते.

आमचे हे टर्नर. कारखान्यातली नोकरी संपली तेव्हा तिथलं एक निकालात निघालेलं लेथ यांनी विकत घेऊन मागच्या खोलीत बसवलं. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवणारं यंत्र. फिरत्या तुकड्याला हत्यार टेकवायचं आणि हवा तो आकार काढायचा. हत्यार इकडे-तिकडे न्यायला दोन लोखंडी चाकं, हाताने फिरवायची. त्या खोलीत मी सहसा जात नसे, कारण तेलाचा वास आणि यांची बढाई एकाच वेळी मला सोसत नाही. बढाई मारावी तर आमच्या यांनीच. पंपाच्या दांड्याभोवती बसणाऱ्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, हे काढून द्यायचे. "माझ्या बुशवर बोट फिरव, लोणी आहे लोणी," असं हे पंप दुरुस्त करणाऱ्याला इतक्या वेळा म्हणाले होते, की तो बिचारा आता माल हातात घेतल्याबरोबर न सांगताच बोट फिरवायचा आणि "लोणी" म्हणायचा.

मग यांचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजू लागला, मग चमच्यातली आमटी शर्टावर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल. झालंही थोडं कमी. म्हणजे पूर्वी चहा सरळ सांडायचा, आता काठापर्यंत येऊन जरा विचार करून सांडायचा.

असाच एका रविवारी तो सांडला, नेमका जावयासमोर. जावयाने कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आता हातांची गरजच नाही. आपण तुमच्या लेथला डोकं बसवू."

म्हणजे काय, ते त्याने कागदावर चित्र काढून सांगितलं. चाकांच्या जागी मोटरी. मोटरींना हुकूम सोडणारा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड किंवा कंट्रोलर, तेच डोकं. आकडे भरायचे, बटण दाबायचं, की हत्यार आपोआप चालतं आणि माल तयार होऊन खाली पडतो. "तुम्ही नुसतं बघत बसायचं," तो म्हणाला. मला वाटलं, हे आता त्याला दोन शब्द सुनावतील. पण तेवढ्यात आमच्या लेकीचे डोळे भरून आले. भरलेल्या डोळ्यांपुढे आमचे हे कधीच नाही म्हणू शकले नाहीत. आमचं लग्नसुद्धा तसंच जमलंय. "वा, करू की," हे म्हणाले.

त्याच दुपारी चाकं निघाली. नुसती चाकंच नाहीत, त्यांच्या मागचे लांब स्क्रूही निघाले, आणि चाकं जिथे बसत तो बिडाचा भाग मोटरींना जागा व्हावी म्हणून कापला गेला. नव्या मोटरी आणि नवे गुळगुळीत स्क्रू जावयाने आधीच मागवून ठेवले होते. जुना माल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला.

"परत लागला तर?" मी विचारलं.

"आई, मागे वळून बघायचंच नाही," जावई म्हणाला.

"बरं. आणि डोकं कुठलं बसवणार?"

"ते अजून ठरायचंय."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंग तेवढं तयार होतं आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता. मागच्या खोलीत लेथ उभं होतं, धड हाताचं नाही आणि धड संगणकाचं नाही, आणि त्याच्या पोटातून वायरी लोंबत होत्या.

जावयाचा फोनवर एक गट होता. घरच्या घरी यंत्रं संगणकावर चालवू पाहणाऱ्या लोकांचा. त्यातले बहुतेक चालवू पाहणारेच; ज्यांची चालत होती ते फारसे बोलत नसत. या गटात तीन पंथ होते. पहिला पंथ म्हणायचा, एखादा जुना टेबलावरचा संगणक घ्या, त्यात फुकटचा प्रोग्राम घाला, जगातलं काहीही करता येतं. येत असेल, पण त्यासाठी अर्धं आयुष्य तो प्रोग्राम जुळवण्यात घालवावं लागे. दुसरा पंथ तळहाताएवढ्या स्वस्त बोर्डाचा. तो लाकडावर नक्षी कोरायला उत्तम, पण लेथवर आटे पाडायला निघालं की घोडं अडायचं. आटे काही एका फेरीत पडत नाहीत. दुसऱ्या फेरीला हत्यार बरोबर पहिल्याच खाचेत उतरावं लागतं, त्यासाठी तुकडा किती फिरला ते बोर्डाला कळावं लागतं, आणि त्या गरिबाला ते कळत नसे. तिसरा पंथ तयार पेटीचा. पडदा, बटणं सगळं एका पेटीत, खास लेथसाठीच बनवलेलं आणि महाग. बाकीचे दोन्ही पंथ या लोकांना आळशी म्हणत. हे सगळं मी मुद्दाम शिकले नाही. दर रविवारी जेवताना वाढलं जायचं, ते भाताबरोबर पोटात गेलं.

जावयाने आधी छोटा बोर्ड घेतला. मग आट्यांचं कळलं. मग म्हणाला, नव्या आवृत्तीत आटे येणार आहेत, थांबू या. थांबलो. मग त्याने कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक आणला, तो आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेत उभा राहिला आणि सुरू केला की घोरायला लागला. मग गटात मतदान घेतलं. मतदान चाललेलं असताना कुणीतरी चौथाच पर्याय सुचवला आणि सगळे त्याच्यामागे धावले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे असले बैल गोठाभर होते आणि एकमेकांना सल्ले देत होते.

"आई, घाईने घेतला आणि चुकला तर?" जावई मला समजावायचा.

"जावईबापू, चाकं काढताना घाई केलीत ना? त्यातली थोडी उरली असेल तर वापरा."

लेकीने टेबलाखाली माझा पाय दाबला. दाबू दे. पाय माझा आहे, तोंडही माझंच आहे.

आमचे हेही काही कमी नाहीत. पहिले काही आठवडे यांना त्या गटाचं वेड लागलं होतं. जावयाने यांनाही त्यात घेतलं होतं. सकाळी दात घासायच्या आधी फोन हातात. "अगं, हा बघ माणूस, स्वयंपाकघरात लेथ बसवलंय!" मी म्हणायचे, तुम्ही मागच्या खोलीत स्वयंपाक सुरू करू नका म्हणजे मिळवली. पंपवाला झिजलेला बुश घेऊन आला तर त्याला यांनी ऐटीत सांगितलं, "मशीन अपग्रेड होतंय. पुढच्या आठवड्यात ये." तो पुढच्या आठवड्यात आला. त्याच्या पुढच्याही आला. मग त्याने दुसरीकडून माल करून घेतला, तेही इथे येऊन सांगून गेला, कारण तो सभ्य माणूस आहे. त्या दिवसापासून यांनी गट उघडणं सोडलं.

मग हे खुर्चीत बसायला लागले. सकाळी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसायचे, दुपारी तिथेच डोळा लागायचा. बढाई बंद झाली. मला वाटलं होतं, ती बंद झाली तर मी सुखी होईन. ज्या माणसाला आयुष्यभर 'नखं घासा, मगच ताटाला हात लावा' म्हणून ओरडले, त्याची नखं पांढरीस्वच्छ झाली होती आणि मला ती बघवत नव्हती. हातही जास्त थरथरायला लागले. हा माणूस खुर्चीतच संपणार, अशी मला भीती वाटायला लागली आणि ती भीती मी कुणाला सांगितली नाही. मी माझ्या पद्धतीने भांडण काढलं.

"हा शेवटचा रविवार," मी जावयाला म्हणाले. "आज ठरलं नाही तर ते लेथ मी विकून टाकते आणि त्या खोलीत भाडेकरू ठेवते."

जावयाने लॅपटॉप उघडला. त्यात एक तक्ता होता. प्रत्येक कंट्रोलरला वेगवेगळ्या गुणांबद्दल मार्क दिले होते, वेग, किंमत, आटे, भविष्यात वाढवण्याची सोय. बेरीज केली तर सगळ्यांना जवळजवळ सारखेच मार्क पडत होते. मी कपाळाला हात लावला. तेव्हा आमचे हे, बऱ्याच दिवसांनी, खुर्चीतून पुढे वाकले.

"यातल्या कशाला हाताने फिरवायचं चाक मिळतं का?" यांनी विचारलं.

"मिळतं ना बाबा! या तयार पेटीबरोबर मिळतं. वायरीला लावलेलं असतं. टिक टिक करत फिरवायचं, एका 'टिक'ला हत्यार केसाहूनही कमी सरकतं."

"मग तीच पेटी घ्या."

झालं. जे काम त्या गटाला जमलं नाही ते एका वाक्यात झालं. यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पेटी आली, भिंतीवर बसली. खोटं कशाला बोलू, जावयाने वायरी फार नीटनेटक्या बांधल्या होत्या. ज्या दिवशी मशीन सुरू व्हायचं होतं त्या दिवशी लेक होती, पंपवालाही मुद्दाम आला होता, आणि मीसुद्धा त्या खोलीत जाऊन उभी राहिले. जावयाने यांच्याकडून हिरवं बटण दाबून घेतलं. पितळेचा तुकडा फिरू लागला, हत्यार आपोआप आलं, गेलं, परत आलं, आणि बघता बघता तयार बुश खालच्या ताटलीत पडला. लेकीने फोनवर सगळं टिपलं. पंपवाल्याने सवयीने बोट फिरवलं.

"लोणी!" तो म्हणाला. "काका, हे तर तुमच्यापेक्षाही..." आणि तिथे त्याला अक्कल आली.

"आता मला द्या," हे म्हणाले.

जावयाने ते हाताचं चाक यांच्या हातात दिलं. चाक कसलं, प्लास्टिकचं, डबीच्या झाकणाएवढं, वजन काहीच नाही. नवा तुकडा फिरत होता. यांनी ते झाकण चिमटीत धरलं. हात थरथरला तसं झाकण थरथरलं, झाकण थरथरलं तशी मोटर कुरकुरली आणि हत्यार पुढे-मागे, पुढे-मागे करू लागलं. यंत्राने काही लपवलं नाही. यांच्या हाताची एकेक थरथर मोजून घेतली आणि पितळेवर जशीच्या तशी उतरवली. तुकडा थांबला तेव्हा त्याच्यावर कंगोरे उठलेले होते.

"टप्पा बारीक करतो, थांबा," जावई म्हणाला आणि पेटीवर बटणं दाबली. कंगोरे बारीक झाले, गेले नाहीत.

"असू दे हो बाबा," मग तो म्हणाला. "हे चाक नुसतं जुळवाजुळवीसाठी असतं. काम प्रोग्रामच करणार. तुम्ही कशाला हात लावताय?"

"बरोबर आहे," हे म्हणाले आणि ते झाकण त्याच्या खुंटीवर अडकवायला गेले. ते लवकर अडकेना. आम्ही सगळे दुसरीकडे बघत राहिलो.

मंडळी गेल्यावर हे स्वयंपाकघरात येऊन हात धूत बसले. हात स्वच्छच होते.

"लोखंडी चाक जड होतं," हे नळाकडे बघत म्हणाले. "ते धरलं की हात गप्प बसायचा."

"गप्प म्हणजे?"

"थरथरायचा नाही गं. कप धरला की थरथरतो, चमचा धरला की थरथरतो. हलकं काहीही धरलं की हा सुटतो. पण त्या चाकांना रेटा द्यावा लागायचा ना, तिथे कधी म्हणून नाही थरथरला. ज्या दिवशी चाकं काढली, त्या दिवशी सकाळीसुद्धा मी दोन बुश काढून दिले होते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"बोलणार होतो. पोरगी रडायला लागली. आणि मला वाटलं, नवं असलं तरी चाक ते चाकच."

माझा संताप एवढा झाला की कुणावर काढावा ते कळेना. डॉक्टरने गोळ्या लिहिल्या, जावयाने तक्ता केला, गटाने मतं दिली, मी तोंड चालवलं, आणि एकाही शहाण्याने मागच्या खोलीत जाऊन या माणसाला काम करताना बघितलं नाही. सगळ्यांनी कप बघितला आणि लेथचा निकाल लावला. डोकं कुठलं बसवायचं यावर सगळं जग भांडलं. ज्याच्यासाठी बसवायचं त्याला एकानेही विचारलं नाही की बाबा रे, तुझा हात तिथे थरथरतो का.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेले. त्याला चाकं चांगली आठवत होती. "मस्त जड होती हो मावशी, वजन चांगलं भरलं," तो म्हणाला. ती कधीच भट्टीत गेली होती. आणि असती तरी काय, ती बसवायची जागाच जावयाने कापून टाकली होती. घरी येऊन मी फोन उचलला.

"खबरदार," हे म्हणाले. "त्यांना काही सांगायचं नाही."

"का नाही? कळू दे की जरा."

"त्याचे सगळे रविवार गेलेत यात. पोरीला वाटतंय, नवऱ्याने आपल्या बापासाठी एवढं केलं. आणि केलंच आहे त्याने. तू तोंड उघडलंस तर तेही जाईल. माझं गेलं तेवढं पुरे."

आमच्या यांना मी खूप नावं ठेवते. भिडस्त म्हणते, शेणाचा पो म्हणते. त्या दिवशी मात्र फोन खाली ठेवला. मला पटलं नव्हतं, अजून पटलेलं नाही.

आता मागच्या खोलीत काम जोरात चालतं. पंपवाला परत यायला लागला, आणखी दोघांना घेऊन आला. हे सकाळी पितळेचा तुकडा चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात, बसवतात, हिरवं बटण दाबतात आणि शेजारी स्टुलावर बसतात. हात मांडीखाली दाबून ठेवतात. मध्ये मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बघ, किती गुळगुळीत काढतंय." मी बघितलं नाही. यांच्या आवाजात बढाईचा लवलेशही नव्हता आणि मला ती हवी होती, ती जुनी, कानाला त्रास देणारी.

परवा दुपारी जावयाने त्या गटात लेकीने टिपलेलं चित्रण टाकलं. हिरवं बटण दाबणारं यांचं बोट, फिरणारं पितळ, ताटलीत पडणारा बुश. कंगोऱ्यांचा भाग अर्थातच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'सासऱ्यांना त्यांचे हात परत मिळाले.' आमच्या यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. फोन हलत होता, त्यामुळे एका ओळीला वेळ लागला. खाली कौतुकाचा पाऊस. कुणाला रडू आलं होतं, कुणी स्वतःच्या वडिलांची आठवण काढली होती. मग छोट्या बोर्डवाल्याने लिहिलं, हे एवढ्या खर्चाशिवायही झालं असतं. त्यावर जुन्या संगणकाच्या पंथातला एकजण त्याच्या अंगावर धावून गेला. एकाने तर लिहिलं, माल ठीक आहे, पण चकाकी अजून सुधारता येईल. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

"उत्तर द्यायला पाहिजे," हे म्हणाले. "एवढे लोक विचारतायत, सासरे काय म्हणतात. तू लिही. माझं बोट भलत्याच अक्षरावर पडतं."

मी फोन हातात घेतला. "काय लिहू? खरं लिहू?"

"लिही, मशीन झकास झालंय. जावयांचे मनापासून आभार."

"मनापासून लिहू?"

मागच्या खोलीत यंत्र एकटंच बुश काढत होतं.

"लिही ना," हे म्हणाले.

मी लिहिलं. एकेक अक्षर दाबून, 'मनापासून'सुद्धा.

"आणि शेवटी ते जोडलेले हात टाक," हे म्हणाले.

मी टाकले.